नखावरचा दात

"प्रमिला, लाल कागद कुठं ठेवलायस? आणि डिंकाची बाटली आण. उद्या पाहुणे यायच्या आत टाइप स्लाइड तयार पाहिजे."

चौसाळकर सर प्रयोगशाळेच्या दारातूनच ओरडले तेव्हा मी सिंकपाशी काचा धूत होते. हात फडक्याला पुसले, कपाटातून एका जुन्या लग्नपत्रिकेचा लाल कागद काढला आणि त्याचा नखाएवढा चौकोन कापला. आमच्या धंद्यात ही रीत आहे. किड्याची नवी जात सापडली की तिचा एक नमुना निवडायचा, काचपट्टीवर कायमचा बसवायचा आणि त्या पट्टीला लाल लेबल लावायचं. पुढं कधीही त्या जातीवरून वाद झाला, तर निवाडा त्या लाल लेबलाच्या काचेवरून होतो. तुम्ही वर्णन काय लिहिलंत, चित्र किती सुरेख काढलंत, याला कुणी विचारत नाही. नाव त्या काचेतल्या किड्याचं असतं.

आणि उद्या जिला लाल लेबल लागणार होतं, ती माशी माझी होती.

माझी म्हणजे मी शोधलेली. गादमाशी भातवाल्या शेतकऱ्यांना चांगली माहीत असते, पण तिच्या चुलत-मावस बहिणी जगभर पसरल्यात. चिलटाहून बारीक जीव. कोवळ्या फांदीत अंडं घालते, झाड त्या जागी फुगतं, गाठ धरतं आणि आत अळी आरामात वाढते. आमच्या मराठवाड्याच्या माळावर हिवराच्या झाडांना अशा गाठी मी पहिल्यांदा पाहिल्या, तेव्हा एम.एस्सी. होऊन मी नुकतीच सरांच्या हाताखाली पीएच.डी.ला लागले होते. हिवराचे काटे काय असतात ते ज्याला लागलेत त्याला विचारा. फांद्या तोडायच्या, सायकलच्या कॅरिअरला बांधून आणायच्या, गाठी बरण्यांत घालून वर मलमलचं फडकं बांधायचं आणि माश्या बाहेर पडायची वाट बघायची. घरमालकीण म्हणायची, "बाई, लोक बरणीत लोणचं घालतात."

बाहेर पडलेल्या माश्या मी बाटल्यांत भरून ठेवायची आणि त्यातल्या काही काचेवर बसवायची. ही माशी माहीत असलेल्या कुठल्याच प्रजातीत, म्हणजे जातींच्या घराण्यात, बसेना. मग तशीच एक खैरावर सापडली, एक बाभळीवर. तिघी बहिणी, नवंकोरं घराणं. नवी जात शोधणारे पुष्कळ असतात, पण नवी प्रजाती सापडणं म्हणजे आमच्यात लग्नापेक्षा मोठा सोहळा. वर्णन मी लिहिलं, चित्रं मी काढली आणि सगळं नेऊन सरांच्या टेबलावर ठेवलं. सरांनी शिपायाला पिटाळून पेढे मागवले. म्हणाले, "नाव काढलंस पोरी. आता घाई करू नकोस. मी एकदा नजरेखालून घालतो."

त्यांच्या नजरेखालून ते जे गेलं ते थेट पुतण्याच्या खिशात गेलं.

सुहास त्यांचा पुतण्या. अभ्यासापेक्षा भांग नीट पाडायचा. सरांच्या साठीचा सत्कार ठरला, आणि सत्काराला भेट म्हणून सुहास एक नवी प्रजाती जाहीर करणार असं विभागात कानावर आलं. तिचं नाव चौसाळकरिया. स्वतःचं नाव स्वतः द्यायचं नाही हा आमच्यातला संकेत. काकाला पुतण्याच्या हातून द्यायला कुणाची ना असणार?

मी तडक सरांच्या खोलीत गेले होते. दारावर टकटकसुद्धा केली नाही.

"सर, ती माझी माशी आहे."

"बस आधी." सर शांत होते. त्यांचं हेच तर होतं, माणूस पेटला की ते शांत व्हायचे. "अगं, माशी कुणाची नसते. निसर्गाची असते."

"वर्णन माझं आहे. चित्रं माझी आहेत. सुहासनं हिवराचं झाड तरी पाहिलंय का?"

"तू गोळा केलंस. ओळखलं कुणी? ही नवी प्रजाती आहे हे ठरवायला अनुभव लागतो. आणि हे बघ, विज्ञानात नाव कुणाचं हे महत्त्वाचं नसतं. ज्ञान महत्त्वाचं."

"मग नाव तुमचं कशाला?"

ते हसले. चष्मा काढून रुमालानं पुसला. "प्रबंधावर सही कुणाची लागते गं, प्रमिला?"

एवढंच बोलले. आवाजसुद्धा चढवला नाही. मग म्हणाले, "त्या बाटल्यांमधले सगळे नमुने सुहासला दे. स्लाइडी तो स्वतः करील. शिकू दे जरा पोराला."

माझ्या बापानं गावाकडं लोकांची बोलणी खाऊन मला शिकवलं होतं. पोरगी माश्या मारायला शिकतेय म्हणून सगळा पार हसायचा. सहीशिवाय परत गेले असते तर त्या हसणाऱ्यांना जन्माची सोय झाली असती. मी बाटल्या दिल्या. घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले, आणि रडून झाल्यावर मनाशी म्हटलं, चौसाळकर, हे मी विसरणार नाही. देवाला हात जोडतानासुद्धा विसरणार नाही.

तर आता लाल कागदाचा चौकोन आणि डिंक घेऊन मी टेबलापाशी गेले. सुहासनं सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड लावून ठेवली होती. आमचा सहाध्यायी दत्ता लोमटे बाजूला उभा होता. तोही सरांकडंच पीएच.डी. करत होता. ढेकणांवर. त्यामुळं माणसांबद्दल त्याला फारसा भ्रम नव्हता.

"बघ, बघ," सुहास म्हणाला. "एकही पाय तुटलेला नाही. शृंगिका अख्ख्या. तुझ्या सगळ्या स्लाइडींत काही ना काही मोडलेलं असायचं."

मी डोळा लावला. आधी पंख पाहिले, मग डोक्यावरच्या शृंगिका, मग पाय. पायाच्या टोकाशी काच सरकवली आणि तिथंच थांबले. भिंग बदललं. पुन्हा पाहिलं.

"काय गं?" सरांनी विचारलं. "सुंदर आहे ना?"

मी मान वर केली.  हातातला लाल कागदाचा चौकोन टेबलावर ठेवला.

"फार सुंदर आहे, सर."

"लोमटे, तुम्हीही बघा."

लोमटेनं डोळा लावला. त्यानं माझ्या स्लाइडी कितीदा पाहिल्या होत्या. पायापाशी तोही थांबला. "सर," तो म्हणाला, "पण ही तर..."

मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. चप्पल माझी कोल्हापुरी होती आणि दिला तो चांगला वजन टाकून दिला.

"ही तर काय?" सरांनी विचारलं.

"ही तर... फारच छान बसलीय सर," लोमटे कळवळून म्हणाला.

"सर, एक सुचवू का?" मी म्हटलं. "लेबल आज नको लावायला. उद्या सत्काराच्या वेळी लावा, सगळ्यांसमोर, तुमच्या हातानं. वर तारीख घाला, सही करा. लोकांना कळू दे टाइप म्हणजे काय असतं ते."

सरांनी माझ्याकडं निरखून पाहिलं. बहुतेक त्यांना वाटलं, पोरगी ताळ्यावर आली. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझं मन मोठं आहे, प्रमिला."

मी खाली वाकून नमस्कार केला. खोटं कशाला सांगू, तो नमस्कार करताना मला इतका आनंद झाला की हसू दाबायला ओठ चावावा लागला.

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरलं. शाल झाली, श्रीफळ झालं, संस्थेच्या अध्यक्षांचं भाषण झालं. अध्यक्षांना लोक आप्पासाहेब म्हणायचे. व्यासपीठावर सूक्ष्मदर्शक ठेवला होता आणि कुणीतरी त्यालाही हळदकुंकू लावून झेंडूचा हार घातला होता. आप्पासाहेबांनी भिंगाला डोळा लावला. त्यांना बहुधा स्वतःच्या पापण्या दिसल्या असाव्यात, पण ते "वा वा, काय तेज आहे!" म्हणाले आणि टाळ्या पडल्या.

मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी दोनावर थांबले नाही. सरांची नजर किती तीक्ष्ण, सरांचा अनुभव किती मोठा, नुसत्या एका दृष्टिक्षेपात ते किडा कसा ओळखतात, हे मी असं काही रंगवलं की पहिल्या रांगेत बसलेल्या सरांच्या बायकोनं डोळ्यांना पदर लावला. शेवटी मी म्हणाले, "ही स्लाइड सरांनी स्वतः पारखून टाइप म्हणून निवडली आहे. जगात कुठंही चौसाळकरिया म्हटलं की ती हीच माशी, दुसरी नाही. सर, सही करा."

सरांनी लेबल चिकटवलं. सही केली. फोटोवाल्यानं "सर, इकडं बघा" म्हणून दोनदा करायला लावली. सुहासचा लेख तयारच होता. त्यात सरांनी त्या स्लाइडीचा क्रमांक घातला, सत्काराचा फोटो स्वतःजवळ ठेवला आणि लेख त्याच आठवड्यात छापायला गेला.

सत्काराचं जेवण सोडून लोमटे लंगडत मला शोधत कँटीनमागं आला.

"टेकाळेबाई, काय चाललंय तुमचं? ती आपली माशी नाही. ती पाहुणी आहे!"

"हळू बोला."

"आपलीच्या नखाला दात असतो. बारीक का होईना, असतो. तुम्हीच दाखवला होता मला. या स्लाइडीतल्या माशीच्या नखाला दात नाही."

"नाहीच," मी म्हटलं.

आता सांगते. हिवराची गाठ फोडली की आत दोन प्रकारच्या अळ्या निघतात. एक गाठ करणारी. दुसरी आयती येऊन राहणारी. स्वतः काही करत नाही, दुसरीनं बांधलेल्या घरात शिरते आणि खाऊनपिऊन बाहेर पडते. तिला आम्ही प्रयोगशाळेत पाहुणी म्हणायचो. पाहुणी अगदी साधी, कधीची माहीत असलेली माशी. कुणा गोऱ्या साहेबानं फार पूर्वीच तिचं नाव ठेवून दिलंय. दिसायला दोघी जुळ्या, फरक काय तो पायाच्या नखाला. आणि एक की गाठ करणारी फार नाजूक असते, हात लावला की पाय गळतात, शृंगिका तुटतात. पाहुणी दणकट, अख्खीच्या अख्खी काचेवर बसते. बरणीतून दोघी एकत्रच बाहेर पडतात आणि मी दोघींना एकाच बाटलीत ठेवायची, कारण मला त्या ओळखू यायच्या. सुहासनं बाटली उपडी केली आणि सगळ्यात देखणी होती ती उचलली. लेखात वर्णन माझं उतरवलं, चित्र माझं जोडलं, त्यात नखाला दात स्पष्ट लिहिलेला आहे. पण मी काय लिहिलंय ते त्या बाळानं वाचलं असतं तर स्लाइडीकडं पुन्हा बघितलं असतं ना! चोरलेलं कुणी वाचत बसत नाही. आणि सरांनी तर भिंगात बघायचं कधीच सोडलं होतं. ते आता फक्त हारतुऱ्यांत बघायचे.

"सांगा त्यांना," लोमटे म्हणाला. "अजून छापलं नाही. स्लाइड बदलता येईल."

"बदलली की काय होईल?"

"लेख बरोबर होईल."

"लेख बरोबर होईल आणि माझ्या माशीवर त्यांचं नाव कायमचं बसेल. मला ते धुताच येणार नाही. लोमटे, नीट ऐका. नाव स्लाइडीचं असतं. स्लाइड पाहुणीची, म्हणजे चौसाळकरिया ही पाहुणी झाली. पाहुणीला नाव आधीच आहे, म्हणजे यांचं नाव बाद. आणि माझी माशी? तिला अजून कुणी नावच दिलेलं नाही."

लोमटेनं दुखरा पाय चोळला. मग म्हणाला, "पण हे वाईट आहे हो. चूक दिसत असताना आपण गप्प बसायचं म्हणजे..."

"माझं काम चोरीला गेलं तेव्हा तुम्ही गप्प बसला नव्हता का?"

त्यानं मान खाली घातली. "मलाही सही पाहिजे होती, टेकाळेबाई."

"मग आताही तीच पाहिजे आहे असं समजा. नखाला दात नसेल तिच्या, माझा आहे ना त्यांच्यावर."

तो हसला नाही. पण बोललाही नाही कुणाला.

लेख छापून आला. सर मला म्हणाले, "तुझ्या प्रबंधात त्या प्रकरणात सगळीकडं चौसाळकरिया असं कर." मी सांगितलं, ते प्रकरण मी काढूनच टाकते, माझी तेवढी योग्यता नाही. त्यांना ते फार आवडलं. मी बाकीच्या माश्यांवर प्रबंध लिहिला, त्यांनी सही केली, मी डॉक्टर झाले. दुसऱ्या गावच्या कॉलेजात नोकरी लागली. तिथं रुजू झाल्यावर मी पहिलं काय केलं असेल तर पुन्हा हिवराच्या गाठी आणल्या. मग कलकत्त्याला गेले. टाइप स्लाइडी तिथल्या संग्रहात ठेवलेल्या असतात. रीतसर परवानगी घेऊन चौसाळकरियाची लाल लेबलाची काच मागितली, नखाचे फोटो काढले आणि लेख लिहिला. शिवी नाही, टोमणा नाही. अमुक क्रमांकाच्या टाइप स्लाइडीतल्या नमुन्याच्या नखाला दात नाही, सबब ही प्रजाती नवी नाही, एवढंच. आणि पुढच्या पानावर माझ्या तिघी बहिणी, नव्या नावानं. हिवरोमाया. ग्रीकमध्ये माया म्हणजे माशी. मला ते फार गोड वाटलं.

तो लेख आला त्या दिवशी मी शेजारपाजारी पेढे वाटले. पोराचं लग्न ठरलं का, म्हणून विचारायला लागले लोक. मला तेव्हा पोर काय, नवराही नव्हता.

सरांच्या विभागात काय झालं ते लोमटेकडून कळत राहिलं. सुहासनं माश्यांचा नाद सोडला आणि औषधांच्या कंपनीत लागला. सर सेमिनारांना जायचे बंद झाले. कुणीतरी कुठंतरी हमखास विचारायचं, "सर, त्या दाताचं काय झालं हो?" मला हे ऐकून वाईट वाटलं का? नाही वाटलं. लोमटेला मी प्रत्येक वेळी म्हणायची, "अजून सांगा."

पुष्कळ वर्षांनी सर माझ्या कॉलेजात आले. मी तेव्हा विभागप्रमुख होते. हातात कापडी पिशवी, अंगावर तोच जुना कोट, आता सैल झालेला. मी उठून उभी राहिले, खुर्ची दिली, चहा सांगितला.

"जगभरच्या गादमाश्यांची नवी सूची आलीय म्हणे," सर म्हणाले. "आमच्याकडं अजून पोचली नाही."

"आलीय सर. माझ्याकडं आहे."

चहा आला. त्यांनी बशीत ओतला, फुंकर मारली आणि कपाकडं बघतच विचारलं, "तुला तेव्हाच दिसलं होतं. आदल्या दिवशीच. हो ना?"

"हो सर."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत, सुंदर आहे ना. मी म्हटलं, सुंदर आहे."

त्यांनी चहा संपवला. बशी कपाखाली नीट ठेवली. मला वाटलं आता चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं; माझ्याकडं बोलायला खूप साठलं होतं. पण ते वेगळंच बोलले. "मला एवढंच बघायचंय. ते नाव आता काढून टाकतात का? म्हणजे नव्या सूचीत... नसेलच, तर निदान लोक विसरतील तरी."

हे मागायला ते एवढ्या लांबून एसटीनं आले होते.

"नाही सर," मी म्हटलं. "बाद झालेलं नाव काढत नाहीत. ते राहतं. खऱ्या नावाखाली बारीक अक्षरांत लिहितात, का बाद झालं तेही लिहितात. प्रत्येक नव्या सूचीत. कायमचं."

हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनीच तर शिकवलं होतं. तरी त्यांनी हात पुढं केला. मी कपाटातून जाडजूड सूची काढली, पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं आणि ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, परत नाकावर आणला, पुस्तक जवळ घेतलं, लांब धरलं.

"दिसत नाही गं," ते म्हणाले. "फार बारीक आहे. वाचून दाखव."

मी वाचलं. चौसाळकरिया, बाद नाव. टाइप नमुना चुकीचा ओळखला, टेकाळे यांनी दाखवून दिल्यानुसार.

सर मान खाली घालून ऐकत होते. खोलीत शिपाई कपबशा गोळा करत होता. त्याला मी बाहेर जा म्हटलं नाही.

मग मी ती ओळ पुन्हा वाचली, जरा मोठ्यानं. दुसऱ्यांदा त्यांनी सांगितलं नव्हतं.